चुळबुळीची शांतता

घरात तिला सगळे चुळबुळी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. बाबा पियानो सुरात लावायचे. एक पट्टी दाबायची, आवाज पुरता विरेपर्यंत कान लावून बसायचं आणि मग "हं" म्हणायचं, ही त्यांची रीत. ताई मुकाट बसे. हिचा मात्र कधी पाय हले, कधी खुर्ची करकरे. मग बाबा न रागावता दाराकडे बोट दाखवत.

पुढे ही चुळबुळी संगीताची बाई झाली, आणि चाळिशी उलटल्यावर तिने पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी एक रचना लिहिली. त्या रचनेच्या मधोमध पियानोचा एकच खालचा स्वर वाजतो आणि तो विरेपर्यंत तिघंही थांबतात. बाबांना द्यायला तिच्याकडे एवढंच होतं. त्यांचे कान आता दगा देऊ लागले होते, म्हणून तिच्या जिवाला घोर.

तालमीत व्हायोलिनवाला हटकून लवकर गज उचले.

"अहो, आवाज संपू द्या की. गाडी चुकतेय का तुमची?" ती डाफरे.

कार्यक्रमाला ताई पियानोवर, पानं उलटायला ही, बाबा पहिल्या रांगेत. तो स्वर आला. ही एकेकाकडे पाहू लागली. कोणी खोकलं तर? व्हायोलिनवाला थांबेल ना? तो थांबला होता. चेलोवालीही थांबली होती. बाबा मान कलती करून ऐकत होते. आणि हिचाच हात आपसूक उठला नि पान उलटून बसला. नवं पान दिसताच ताईची बोटं सवयीने चालू लागली.

टाळ्या पडल्या तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोक गेल्यावर व्हायोलिनवाला म्हणाला, "बाई, गाडी माझी चुकत नव्हती."

बाबा अजून जागेवरच होते.

"मधे एक स्वर छान लागला होता," ते म्हणाले. "पुरता ऐकायचा राहिला."

"पुन्हा वाजवतो," ताई म्हणाली. "तिथे माझे हात मोकळेच असतात. पान मी उलटते."

चुळबुळी आपणहून बाहेर गेली आणि तिने दार लोटून घेतलं. आत तो स्वर लागला. ती बोळात येरझारा घालू लागली. पावलं वाजतात म्हणून तिने चपला काढून हातात घेतल्या. शांतता आपण लिहिली आणि तिच्यात आपल्यालाच जागा नाही, हे तिला फार लागलं. दार मात्र तिने उघडलं नाही.

बऱ्याच वेळाने आतून बाबा म्हणाले, "हं."