परसातले एक्केचाळीस फोटो

परशरामनं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवलं.

"म्याडम, ह्यात कोण दिसतंय का बघा. न्हाय दिसलं तर येत्या रविवारी आईला इकडं घेऊन येतो. म्हस विकायची, घराला कुलूप घालायचं, संपला विषय."

"आई काय म्हणते?"

"ती म्हणते, कॅमेरा नासका हाय."

इथं माझं डोकं फिरलं. कॅमेरा मी दिला होता.

बेळगावात माझं कॅमेऱ्याचं दुकान आहे. नवे थोडे, जुने जास्त, आणि दुरुस्ती. वडिलांचा निपाणीत फोटो स्टुडिओ होता, तिथल्या डार्करूमच्या वासात मी वाढले. मोबाईल आले आणि धंदा पार झोपला. आता कॉलेजची पोरं पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे छोटे डिजिटल कॅमेरे शोधत येतात. फोटोला म्हणे जुना लुक येतो. येऊ दे बापडा. पण दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांचा प्रश्न एकच, "मेगापिक्सेल किती?" अरे, रोजचे साधे फोटो काढायचेत ना? तुला काय चन्नम्मा सर्कलला बोर्ड लावायचाय?

परशराम दीड महिन्यापूर्वी आला तेव्हा त्यानं मेगापिक्सेल विचारले नाहीत. म्हणून तो लक्षात राहिला. इथल्याच एका खाजगी ऑफिसात तो क्लार्क आहे. वय पंचेचाळीसच्या आसपास. आई कणकुंबीच्या अलीकडच्या एका वाडीत एकटी राहते, रानाच्या कडेला. वडील, म्हणजे आबा, दोन वर्षांपूर्वी गेले.

"सत्तरीच्या बाईला वापरता येईल असा स्वस्तातला कॅमेरा द्या," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला. "आई म्हणते, आबा येत्यात. रोज दुपारी. परसात उभारत्यात नि जात्यात. मी म्हटलं, फोटो काढून दाखीव. दिसले तर मी तुझं ऐकतो. न्हाय दिसले तर तू माझं ऐकायचं नि बेळगावात यायचं."

"मोबाईलवर काढू दे की."

"टच चालत न्हाय तिचा. बोटं घासून गुळगुळीत झाल्यात. आधारला बी अंगठा उठला न्हवता."

मग मी नीट विचार करून दिला. पेन्सिल सेलवर चालणारा, कारण तिकडं लाइट दोन-दोन दिवस नसते आणि सेल वाडीतल्या दुकानातही मिळतात. खरा झूम असलेला. खरा म्हणजे काच पुढं सरकून लांबचं जवळ आणते तो. नुसतं चित्र ताणून मोठं करतो तो फसवा. वर एकच मोठं बटण. फोटोच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ उमटेल असं सेटिंग करून दिलं. फ्लॅश बंद केला. "हातात धरू नको म्हणावं," मी त्याला बजावलं, "खिडकीच्या कट्ट्यावर टेकवायचा नि बटण दाबायचं. हात कापला तरी फोटो हलणार नाही."

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. दुकानात तेव्हा चार मुली एकाच कॅमेऱ्यासाठी भांडत होत्या, त्या गडबडीत विसरले. ती गोष्ट पुढं येईलच.

तर कार्ड मी कॉम्प्युटरला लावलं. एक्केचाळीस फोटो. एक्केचाळीस दिवस, रोज एक. म्हातारीनं एकही दिवस चुकवला नव्हता. वेळ दुपारी साडेबारा ते एकच्या मधली. सगळे एकाच खिडकीतून, एकाच जागेचे. परसू, मधोमध एक चपटा दगड, त्यावर जेवणाचं रिकामं पान, मागं काजूचं झाड आणि त्याच्यामागं रान. माणूस नाही. कुत्रं नाही. कोंबडीसुद्धा नाही.

मी एकेक फोटो पुढं ढकलत होते आणि परशराम माझ्या खांद्यावरून बघत होता. रिकामं परसू. रिकामं परसू. रिकामं परसू. विसाव्या फोटोनंतर मला कसंतरीच व्हायला लागलं. रिकाम्या जागेचे इतके फोटो कुणी कुणासाठी काढत नाही. प्रत्येक फोटोत दगडाशेजारी बरोबर एका माणसापुरती जागा मोकळी सोडलेली होती.

"कुणी नाही," मी म्हटलं.

"मला म्हाईत होतं." तो खुर्चीत बसला. त्याला आनंद झाला नव्हता. डोळे पुसून म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. आता एकटीला ठेवायची तरी कशी?"

मी कार्ड काढणार, तेवढ्यात शेवटच्या फोटोतली एक फांदी दिसली. काजूची, दगडाच्या बाजूला वाकलेली, साधारण माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. ती पुसट होती. तीच तेवढी. वरची पानं अशी स्वच्छ की शिरा मोजाव्यात, शेजारची फांदीही स्वच्छ. वारा असता तर सगळं झाड हललं असतं. कॅमेरा हलला असता तर सगळा फोटो पुसट आला असता.

आधीचा फोटो उघडला. तीच फांदी, पुसट. त्याच्या आधीचा. तीच. मी पहिल्यापर्यंत मागं गेले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फोटोंत ती एकच फांदी हलत होती. माझ्या हातावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू?

"परशराम, तुमच्या आईला बटण कसं दाबायला शिकवलंत?"

"दाबायचं म्हणजे काय, दाबायचं!"

हीच ती राहिलेली गोष्ट. या स्वस्त कॅमेऱ्यांचं बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं. आधी अर्धं. मग कॅमेरा ठरवतो की कशावर नजर लावायची, आणि पडद्यावर हिरवा चौकोन येतो. मग पूर्ण. एकदम खाडकन पूर्ण दाबलं तर आधी तो नजर लावत बसतो आणि फोटो काढतो एक-दीड सेकंदानं. आम्ही त्याला शटर लॅग म्हणतो. पोरांच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावरचा फोटो येतो, तो ह्याच्यामुळं.

"म्हणजे?" परशराम म्हणाला.

"म्हणजे तुमच्या आईनं माणूस बघून बटण दाबलं. कॅमेऱ्यानं फोटो काढला तेव्हा तो गेलेला होता. जाताना फांदीला त्याचा खांदा लागलेला होता. रोज."

"वांदर असंल."

"वांदर रोज घड्याळ लावून येतं व्हय? एकाच फांदीला घासून जातं?"

त्यानं परत एकदा ती फांदी बघितली. मग हळूच म्हणाला, "शुक्रवारी रजा टाकतो. तुम्ही येता?"

मी गेले. मला भुताखेताचं भय नाही. आमच्या घरात वडिलांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या होत्या. श्राद्ध नाही, पिंड नाही, मेलेला माणूस परत येत नाही. जांबोटी मागं पडली आणि दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आली, तेव्हा मोटरसायकलवर मागं बसून मी हेच मनात घोकत होते. पावसाळा कधीच संपला होता. पान हलत नव्हतं.

आई म्हणजे काटकुळी, ताठ बाई. मला बघून म्हणाली, "तूच व्हय नासका कॅमेरा दिलीस ती?"

"कॅमेरा बरा आहे, मावशी. उशिरा काढतो एवढंच."

"तसंच आसंल बघ. आमच्या ह्येनी बी कधी फोटोला उभारले न्हाईत. लग्नात बी तोंड फिरवलेलं." आणि फिस्सकन हसली. मला ती वेडी वाटली नाही. पण वेडी माणसं तशी वाटत नाहीतच.

साडेबाराला तिनं पानावर भात, आमटी, वांग्याची भाजी वाढली आणि ते पान नेऊन परसातल्या दगडावर ठेवलं. नवरा गेल्यापासून रोज. त्याचा घास ठेवल्याशिवाय ती जेवत नव्हती.

"कावळा खातो ना?" मी विचारलं.

"कावळा खाल्ला तर शितं सांडत्यात, बाई. हितं पान पुसल्यागत आसतंय."

मी कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दगडावर नजर लावली, बटण अर्धं दाबलं. हिरवा चौकोन आला. बोट तसंच धरून बसले. परशराम माझ्यामागं भिंतीला टेकून उभा. आई चुलीपाशी, पाठमोरी. गोठ्यात म्हस रवंथ करत होती, ती एकाएकी थांबली. मग काहीच ऐकू येईना. बोटाला मुंग्या आल्या.

"आले," आई म्हणाली.

तिनं मान वळवलीच नव्हती.

पडद्यावर काजूच्या सावलीतून एक माणूस दगडाकडं येत होता. अंगात हिरवं जर्किन. डोक्याला तपकिरी माकडटोपी. चाल डाव्या पायावर जरा लंगडती. माझ्यामागं परशरामच्या तोंडून घोगरा आवाज आला, "आबांचं जर्किन... आई गं, आबांचं..."

तो दगडापाशी वाकला, पानावरचा भात मुठींत घेतला, आणि मी बटण पूर्ण दाबलं. कट् झालं. माणूस दचकला, वळला, फांदीला खांदा घासून पळायला लागला, आणि परशराम मागच्या दारातून सुटला. रडत होता का ओरडत होता, मला कळलं नाही. दहा पावलांत त्यानं त्या माणसाला जर्किनाला धरून थांबवलं. टोपी निसटली.

तो भरमाण्णा होता. त्याच वाडीतला, परशरामच्या वडिलांबरोबर एके काळी गवंडीकाम करणारा. दोन्ही मुठींत भात.

"मारू नको रं परशराम. उपाशी हुतो. मेलेल्याचं खाल्लं, पाप लागंल म्हाईत हाय मला. तोंड दाखवायला लाज वाटायची म्हणून पळायचो."

"आणि हे जर्किन?"

"तूच दिलतास की रं, बाराव्याला! टोपी बी."

परशरामचे हात खाली आले. दिलं होतं त्यानं. बापाचे कपडे त्यानंच वाटले होते आणि तोच विसरला होता. तो मटकन बसला आणि हसायलाच लागला. "आई वेडी न्हाय! म्याडम, वेडी न्हाय माझी आई! थांबा, बायकोला सांगतो." आणि रेंज शोधत टेकाडावर पळत गेला.

आईनं फोटो बघितला. लांब धरून, जवळ धरून, बराच वेळ. मग कॅमेरा माझ्या हातात दिला. "म्हणजे ह्येनी न्हवते व्हय," म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. मला स्वतःची लाज वाटली. तिला शहाणी ठरवायला आले आणि तिचा नवरा दुसऱ्यांदा नेला.

पण ती उठली. भरमाण्णाला ओसरीवर बसवलं, ताजं वाढलं. "रोज ये," म्हणाली. "चोरावाणी कशाला?"

"रोज कुठलं, वैनी?" भरमाण्णा घास गिळत म्हणाला. "लेक पल्याड गोव्याच्या अंगाला दिलीया, तितंच आसतो मी. बाजाराला तेवढा शुक्रवारी उतरतो. आजचा धरून सात-आठ बार आलो आसंन. आई शप्पथ, जास्त न्हाय."

मी कॅमेरा पुन्हा चालू केला. तारखा होत्याच. आजचा सोडून एक्केचाळीस फोटो, त्यात शुक्रवार सहा. भरमाण्णा खोटं बोलत नव्हता. मग उरलेले पस्तीस उघडून बघितले, त्या लहान पडद्यावर मोठे करून. सोमवार. फांदी हललेली. मंगळवार, हललेली. रविवार, हललेली. पानं सगळी स्वच्छ, ती एक फांदी पुसट.

वांदर, वारा, पाखरू, सगळं मनात आणून बघितलं. एकही बसेना. आजही बसत नाही.

तेवढ्यात परशराम टेकाडावरून धापा टाकत आला. चेहरा धुतल्यासारखा हलका झालेला.

"म्याडम, तुम्ही ह्यातल्या जाणत्या. एकदा स्पष्ट सांगा. रोज हाच येत होता न्हवं?"

आई माझ्याकडं बघत होती. गोठ्यातली म्हस बघत होती म्हटलं तरी चालेल. मी नाही म्हटलं असतं तर रविवारी त्या घराला कुलूप लागलं असतं, आणि मग ते पान दगडावर कोण ठेवणार होतं? तीस वर्षांच्या धंद्यात मी गिऱ्हाइकाला फोटोबद्दल कधी खोटं सांगितलेलं नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "हाच. रोज."

निघताना परशराम मोटरसायकल वळवत होता. मी कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावरच ठेवला आणि कार्ड काढून त्याला न देता आईच्या हातात ठेवलं. तिनं ते कनवटीला लावलं आणि माझ्या कानाशी आली.

"शुक्रवार किती हुते गं?"

"सहा."

"मी बी मोजलेत." ती परसाकडं बघत होती. "आता शुक्रवारी दोन पानं वाढायला लागतील."

त्यानंतर स्वस्तातला कॅमेरा घ्यायला कुणीही आलं की मी पहिल्यांदा अर्धं बटण शिकवते, मग बाकीचं. मेगापिक्सेल शेवटी. आई अजून वाडीतच आहे. परशराम दर महिन्याला पेन्सिल सेल घ्यायला दुकानात येतो. रोज एक फोटो काढला तरी एका जोडीवर महिना निघायला पाहिजे, मग महिन्याला चार जोड्या लागतात कशा, असं तो परवा मला विचारत होता. मी म्हटलं, जुना कॅमेरा आहे, सेल खातो.