शिवी ओट्यावर आली तेव्हा

मैनेला शाळेत घालायचं ठरलं आणि माझी झोप उडाली. मास्तरांनी "तू कोण?" विचारलं, तर घरात दिवसभर ऐकते तोच शब्द ही पोर सांगणार! त्या एका शब्दाचे किस्से आमच्या वस्तीत इतके साठलेत, की आता हसावं की नाही, तेच मला कळत नाही.

*

मैनेचे बाबा मेहकरला कापसाच्या जिनात कामाला. मुकादम आमच्या माणसांना नावानं बोलवत नसे. "ए धेडा!" बस्स. एकदा त्या हाकेसरशी आमचे सगळेच काम टाकून त्याच्यापुढे उभे राहिले.

"एकालेच बलावलं ना बे!"

"मंग त्याचं नाव घ्या ना जी!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फाटकातूनच परत पाठवलं.

*

तेव्हापासून ही मंडळी आमच्या ओट्यावर एकमेकांना तशीच हाक मारतात. "काबे धेडा, जेवला काय?" ह्यांचं म्हणणं, "आपनच म्हनलं, का त्याइच्या शिवीत काय जोर राह्यते?"

*

पुढे हुतुतूच्या सामन्यांत यांनी संघाचं नावच "धेड संघ" लिहून दिलं. पुकारणारे वकीलसाहेब अडखळले. नाव घेतल्याशिवाय पोरं मैदानात उतरेनात! शेवटी घाम पुसत ते म्हणाले, "श्री... धेड संघ!"

परतताना वाटेतल्या विहिरीवर पाणी मागितलं. "ए धेडांनो, लांबून ओंजळ धरा!"

"श्री" मैदानावरच राहिला.

*

सासूबाई मात्र तो शब्द निघाला की उठून आत जातात. एकदा उंबऱ्यातून ह्यांना म्हणाल्या, "तुह्या बापाले हेच म्हनत म्हनत मारलं रे. तुमाले खेळ झाला."

ओटा त्या दिवशी लवकर रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू!

*

मी चार बुकं शिकलेली. "घरात नको हो," म्हटलं, तर हे म्हणाले, "शाळेनं तुले लाजनंच शिकवलं!" असेलही. म्हणून चुलीपुढे मी एकटीनं तो शब्द उच्चारून पाहिला. निघाला तो मुकादमाच्याच आवाजात.

*

शेवटी शाळेचा दिवस उजाडला. सरकारी हुकूम म्हणून आमची मुलं घेतात, पण बसवतात व्हरांड्यात. मास्तरांनी विचारलं, "नाव काय गं?"

"मैना."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात वर्गातून एक पोरगा खिडकीशी आला आणि ओरडला, "ए धेड!"

मैनेचा चेहरा एकदम खुलला. ती आपल्या तरटावर सरकून बसली आणि म्हणाली, "तू बी हायेस? मंग तिकडं काऊन बसला? ये ना, इथं जागा हाये!"