गटाराच्या तलावाचं जलपूजन

सत्तरच्या दशकात मी सावनेरच्या पुढच्या एका गावी नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. सकाळी शहरातल्या महाल भागातल्या घरून निघून एसटी धरायची, संध्याकाळी कोळसा खाणींची धूळ खाऊन परतायचं. गावाला गटारं मिळाली होती, पण त्यांचं पाणी जायचं कुठे हे कोणी ठरवलं नव्हतं. ते पाण्यानेच ठरवलं. उताराने ते गावाबाहेर एका बाईच्या बाडीत जाई.

बाडी म्हणजे भाजीचा लहानसा मळा. बाई विधवा, छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेल्या घरातली. तिला विहीर नव्हती. त्या काळ्या पाण्यावर ती पालक, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, काढायची. बाजारात गिऱ्हाइकं नाक मुरडत, "नाल्यावरचा सांबार आहे ना वं?"

"नाला तुमचाच आहे ना बाई," ती म्हणे. जुडी मात्र खपायची.

मग वरून योजना आली. सांडपाणी एका उथळ तलावात घ्यायचं आणि उन्हात पडू द्यायचं. गाळ खाली बसतो, बाकीचं काम ऊन आणि शेवाळ करतात, दुसऱ्या टोकाने शेतीजोगं पाणी बाहेर पडतं. बाईकडे जाणारा जुना नाला आम्ही बुजवला आणि तलावाच्या त्या टोकाला तिच्यासाठी दार ठेवलं.

"मले पाणी भेटन ना साहेब?"

"आधीपेक्षा चांगलं," मी म्हणालो. नकाशात तसंच होतं.

उद्घाटनाला मंत्री यायचे ठरले. त्यांना वास येऊ नये म्हणून नगराध्यक्षांनी नदीवर पंप लावून तलाव स्वच्छ पाण्याने भरून घेतला. आता पाणी दिसलं म्हणजे जलपूजन आलंच. मंत्र्यांनी नारळ वाहिला, अध्यक्षांच्या पत्नीने तलावाची खणानारळाने ओटी भरली, भटजींनी साऱ्या पवित्र नद्यांना त्यात आवाहन केलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची त्या नद्यांना कल्पना कोणी दिली नव्हती. भाषण लांबलचक झालं. त्यात मैला हा शब्द आला नाही.

दुसऱ्या दिवशी गटाराचं दार उघडायला मी माणूस पाठवला. काठावर बायका दिवे सोडत होत्या. त्यांनी त्याला हाकलून दिलं. मी अध्यक्षांकडे गेलो.

"ओटी भरली ना त्याची? आता त्यात संडासाचं पाणी सोडता? डोकं ठिकाणावर आहे का साहेब?"

"तो त्यासाठीच बांधलाय."

"कायसाठी बांधला ते राहू द्या. पुजला का नाही? निवडणूक होऊन जाऊ द्या, मग पाहू."

गटार तलावाला वळसा घालून नदीत सोडण्यात आलं. पूजलेलं पाणी उतरू नये म्हणून बाईकडचं दारही बंदच राहिलं.

उन्हाळा लागला तशी ती ऑफिसात आली. "साहेब, घाण पाणी कधी सोडून राहिले?" अशी मागणी घेऊन तिथे आधी कोणी आलं नसेल.

"वर लिहिलंय, बाई."

"लिहिता काहून? दारच तर उघडायचं आहे."

अखेर एके सकाळी ती घागर घेऊन तलावावर गेली. मी तिथे बांधाची भेग पाहत होतो. काठावरची एक बाई ओरडली, "हात नको लावू वं! पूजेचं पाणी आहे."

"तुमच्या मोरीचं होतं, तवा नाही अडवलं कोणी मले."

मी पुन्हा भेगेकडे वळलो. तिने घागर भरली आणि शांतपणे बाडीकडे चालू लागली. एका घागरीने बाडी भिजत नाही, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ती दिसेनाशी झाल्यावर गोमूत्र आणवून तलावात शिंपडण्यात आलं. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी बांधलेल्या त्या तलावात शुद्धीकरण असं मी तेवढंच पाहिलं.

पावसाच्या आधीच ती हुडकेश्वरला भावाकडे निघून गेली. बाडीत बेशरमाची झुडपं माजली. आठवडी बाजारातली तिची जागा काही दिवस तशीच रिकामी होती. त्या जागेपाशी थांबून गिऱ्हाइकं शेजारच्या कांदेवाल्याला विचारत, "काहून गा, सांबारवाली नाही आली?"