जनसुनावणीत गप्प बसलेलं गाव

पर्यावरण कायद्याचा पहिला तास मी घटनेपासूनच सुरू करते. जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवा आणि पाणी आलंच, असं न्यायालयांनी म्हटलंय, हे सांगितलं की मुलं माना डोलावतात. पूर्वी हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात म्हणायची. आता म्हणून टाकते आणि पुढे सरकते.

बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना घाट उतरला की पायथ्याला एक गाव लागतं. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथली. गावामागच्या टेकडीवर दगडाची मोठी खाण येणार होती आणि त्या टेकडीखालीच गावाची विहीर. आजूबाजूला टँकर फिरायचे तेव्हाही तिला पाणी असायचं. अशा खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी होते, म्हणजे अधिकारी गावात येऊन लोकांचं म्हणणं ऐकतात आणि नोंदवून घेतात. पुस्तकातला धडा डोळ्यांनी बघता येईल म्हणून मी अख्खा वर्ग एसटीत बसवला.

त्या गावाची एक रीत होती. बाहेरचा माणूस आला, त्यातून सरकारी, की गावातर्फे एकानंच बोलायचं. चार जणांनी तोंड घातलं तर गावात फूट आहे असं दिसतं. म्हणून आदल्या दिवशी पारावर बसून सगळ्यांनी म्हाताऱ्या माजी सरपंचांना, आबाजींना, पुढे केलं होतं. बौद्धवाड्यातल्या लोकांचाही होकार होता. एरवी साध्या नालीवरून भांडणारं गाव, पण विहिरीसाठी एक झालं होतं. प्रत्येकानं बोलायला हवं, असं मुलीनं वडिलांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, आबाजी बोलल्यावर आपण उठणं म्हणजे त्यांच्यावर भरवसा नाही असं होतं.

आबाजी छान बोलले. आधी साहेबांचं नारळ देऊन स्वागत केलं, मग विहिरीबद्दल सांगितलं, आवाज न चढवता. ते बसले तेव्हा मागचा सगळा मांडव समाधानानं हलला. अधिकाऱ्यानं विचारलं, आणखी कुणाला काही म्हणायचंय? कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मुलगी अर्धी उठली, वडिलांनी खांद्यावर हात ठेवला, ती बसली. मलाच उठावंसं वाटलं. पण मी त्या गावची नव्हते, तिथे बोलण्याचा हक्क गावकऱ्यांचा होता.

शेवटी कामकाज वाचून दाखवलं. एका ग्रामस्थानं विहिरीबाबत चिंता व्यक्त केली, उपस्थितांपैकी अन्य कुणाचीही हरकत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या आबाजींचं म्हणणं सरकारी कागदावर चढलं, एवढंच त्यांना कळलं होतं. मला त्या टाळ्यांचा संताप आला आणि लगेच रडूही आलं. मी उठून गावकऱ्यांना त्या वाक्याचा अर्थ सांगितला तेव्हा साहेबांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या.

मंजुरी आली. सोबत अटीही आल्या, पाणी शिंपडा, झाडं लावा, वगैरे. खाणीच्या फाटकाशी त्या पाटीवर रंगवून ठेवल्यात. सुरुंग लागायला लागले आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा झरा गेला. दाद मागायला न्यायाधिकरण आहे, हे मी मुलीला शिकवलंच होतं. गावानं गाठलेल्या वकिलानं कागद चाळून पहिला प्रश्न तोच केला, सुनावणीत गावाची हरकत कुठे आहे?

परवा त्या गावी गेले होते. आबाजी ओट्यावर बसले होते, आता फारसे कुठे जात नाहीत. मी गेल्यावर त्यांनी नातसुनेला पाणी आणायला सांगितलं.

मग म्हणाले, "मॅडम, मी बोलत होतो तवा सारं गाव माह्या मांगं बसून होतं. ते त्याइले दिसलं नाही काय?"

"दिसलं होतं, आबाजी," मी म्हटलं.

"मंग लिहिलं काऊन नाही?"

नातसून तांब्या घेऊन आली. पाणी टँकरचं होतं, थोडं गढूळ. ते माझ्या तोंडाकडे बघत होते म्हणून मी सगळं प्यायले.