शेवटाकडून वाचलेली कादंबरी

ओर्लीना स्टिडमचे पुढचे दोन दात नव्हते. ते तिच्याच वर्गात पडले होते, कादंबरी शिकवताना. आमच्या खोऱ्यात कुणाला यात काही वावगं वाटत नसे. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. दर ऑक्टोबरात भिंतीपलीकडे बाकं आपटू लागली की खडू टाकून पळायचो.

ही कादंबरी आमच्याच कोळसाखाणीतल्या संपावर आहे. लेखक बाहेरचा. एक हिवाळा इथे खानावळीत राहिला, कानावर पडलं तेवढं घेऊन गेला आणि नावं बदलून त्याने पुस्तक लिहिलं. आज देशभरच्या विद्यापीठांत ते शिकवतात. अधूनमधून कुणी प्राध्यापक येतो, आमच्या कबरींचे फोटो काढतो आणि पुस्तकातल्या अंधाराचा अर्थ आम्हालाच समजावून जातो. आम्ही मान डोलावतो. आम्हाला त्या पुस्तकातून एवढंच हवं असतं, की कोण कुणाचा आजा.

त्यात एक लंगडा खाणकामगार आहे. मधल्या प्रकरणात कंपनीचे बंदूकवाले पहाटे संपकऱ्यांच्या तंबूंवर तुटून पडतात, आणि लंगडा त्यांच्या पुढे धावताना दिसतो. त्यापुढची पानं बायापोरांच्या किंकाळ्यांची आहेत. वाट त्यानेच दाखवली, असं वाचणाऱ्याला वाटतं. स्टिडमांचा आजा लंगडा होता. झालं, खोऱ्याने निकाल दिला. ते प्रकरण वर्गात मोठ्याने वाचलं की त्या आठवड्यात स्टिडमांच्या पोरांना मार ठरलेला. ओर्लीनाच्या धाकट्या भावाचा, क्लीव्हचा, डावा डोळा त्यात गेला. एका चुलतबहिणीचे केस मेंढ्यांच्या कात्रीने कापले, कानाच्या पाळीसकट. मुख्याध्यापक कानाडोळा करायचे, कारण तेही याच वर्गात शिकलेले. आणि रक्त सांडलं की पुस्तक तिथेच मिटायचं, दुसऱ्या दिवसापासून कविता. त्यामुळे पुस्तकाचा शेवट खोऱ्यात कुणी वाचलाच नव्हता.

ओर्लीनाने तो लेक्सिंग्टन शहरात, कॉलेजात वाचला. शेवटी कळतं की लंगडा धावत होता तो तंबूतल्यांना सावध करायला. वाट दाखवली होती कंपनीच्या दुकानदाराने. देशभरातली पोरं परीक्षेत हे लिहून पास होत होती आणि इथे तिच्या भावाचा डोळा फुटला होता. त्या दिवशी ती उलटी होईस्तोवर रडली, असं तिनेच मला सांगितलं. मग शिक्षिका होऊन परत आली. पण नुसतं सांगून कोण ऐकणार? लोक म्हणायचे, स्टिडमांचीच ती, आपल्या आजाची बाजू घेणारच. पुस्तकातूनच ऐकवायचं म्हणून ती दर वर्षी वाचायला घ्यायची, आणि दर वर्षी मधल्या प्रकरणाशी मुठी चालायच्या. दात गेले ते अशाच एकदा मध्ये पडल्यामुळे.

मग क्लीव्हची मुलगी लेटी तिच्या वर्गात आली. पोरगी बुटात सुरी खोचून शाळेत यायची. मुख्याध्यापकांनी या वर्षी पुस्तकच गाळा म्हणून सांगितलं. ओर्लीनाने त्यांना विचारलं, की सगळ्या देशाने वाचायचं आणि ज्यांची माणसं मेली त्यांनी तेवढं वाचायचं नाही का. मला तिच्या हट्टाचा संताप आला होता. लेटीला दुसऱ्या शाळेत धाड, मी बजावलं. तिने ऐकलं नाही. तिने एक युक्ती काढली: कादंबरी शेवटाकडून शिकवायची.

शेवटचं प्रकरण वाचायला तिने डेल्मर नेपियरला उभं केलं, कारण त्याच्याइतका खणखणीत आवाज वर्गात कुणाचा नव्हता. कंपनीचं दुकान नेपियरांच्या आजाने चालवलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नेपियर म्हणजे बडं घर, त्यांच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती आहे, असा तिचा अंदाज. डेल्मर हसतमुख पोरगा. त्याने ते पान मन लावून वाचलं. निम्म्यावर असताना खिडकीतून वीट आली आणि ओर्लीनाची भुवई फाटली. तिने हातरुमाल भुवईवर दाबून धरला आणि ती त्याला म्हणाली, "थांबू नकोस, वाच."

त्या आठवड्यात लेटीला कुणी बोटही लावलं नाही. लोक मात्र म्हणू लागले, शेवट लेखकाने मनचा घातलाय, मधला भाग तेवढा खरा. मी चिडून हसलो. ओर्लीना म्हणाली, "म्हणू देत. पोरगी धडधाकट आहे ना?" शनिवारी दुपारी तिने मला जेवायला बोलावलं. घेवडा, मक्याचा पाव, सुक्या सफरचंदांचा केक. इतकं आनंदात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

पहिला घास घेतो तोच क्लीव्ह आत आला. हातात टिकावाचा दांडा, टोकाला केस चिकटलेले. दांडा त्याने कोपऱ्यात उभा केला आणि नळाखाली हात धुतले. भांड्यांवरून लाल पाणी वाहिलं.

"ताई, आता आपल्या लेटीला कुणाची भीती नाही," तो म्हणाला.

"काय केलंस?"

"नेपियरांचं पोरगं, त्या दुकानदाराचं रक्त. चर्चच्या मागे. डोकं फुटलं, मेला बहुतेक."

मी तसाच उठलो आणि चर्चकडे धावलो. डेल्मर पालथा पडला होता. त्याला उताणं केलं आणि परत फिरलो, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दारात आलो तेव्हा ओर्लीना भावाची कॉलर धरून उभी होती. माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं.

"अरे, कादंबरी आहे ती," ती त्याला गदागदा हलवत म्हणाली. "गोष्ट आहे. कुणीतरी बसून रचलेली."

क्लीव्हने तिचे हात सोडवले नाहीत. एका डोळ्याने तिच्याकडे बघत म्हणाला, "माझा डोळा फोडला तेव्हा नव्हती ती गोष्ट?"

ओर्लीनाने कॉलर सोडली. फोन उचलला आणि शेरीफला सख्ख्या भावाचं नाव सांगितलं. क्लीव्ह पळाला नाही. खुर्ची ओढून बसला आणि माझ्या ताटलीतला पाव खाऊ लागला.