दादाच्या फोनवरून न गेलेला निरोप

दादा गेला तेव्हा त्याचा फोन माझ्या पर्समध्ये होता. नांदेडच्या दवाखान्यात आत नेताना त्यानंच तो माझ्या हातात दिला. "शालू, वाजला तर उचल," म्हणाला, "कुणाकडं माती असंल तर नाव, गाव आन् टाइम नीट लिहून घे." छातीत कळ आलेला माणूस, आणि काळजी कशाची, तर दुसऱ्यांच्या मातीची! सकाळी सातच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती मान हलवली. याला आता सात आठवडे होतील.

आमच्याकडं अंत्ययात्रेला माती म्हणतात. माझ्या थोरल्या भावाचं, दिगंबरदादाचं, अर्धं आयुष्य लोकांच्या मातीला जाण्यात गेलं. नायगाव तालुक्यातल्या आमच्या गावात त्याचं थोडं रान होतं, ते वहिनी बघायच्या. दादा बघायचा साहेबांचं. साहेबांचं नाव लिहीत नाही. आमच्या भागात नुसतं साहेब म्हटलं तरी पुरतं. निवडून आलेले असोत की पडलेले, भागात कुणाकडंही माणूस गेलं की साहेब मातीला हजर. आणि कोण गेलं, कुठं, कितीला उचलणार, हे त्यांना कळवायचं काम दादाचं. एकदा दुसऱ्याच कुणीतरी उतावीळपणे फोन केला. साहेब हार घेऊन पोचले, तर ज्यांच्यासाठी आले ते म्हातारबा ओट्यावर बशीतून चहा फुरकत बसलेले. "या साहेब, हार कशापायी?" दादानं झटकन तो हार म्हातारबांच्या गळ्यात घातला आणि वयाची ऐंशी पुरी झाल्याबद्दल सत्कार म्हणून जाहीर करून टाकलं. म्हातारबा खूश. गाडीत बसल्यावर मात्र साहेबांनी फर्मान काढलं, यापुढं दिगंबरच्या फोनवरून निरोप आल्याशिवाय गाडी काढायची नाही. हे सांगताना दादाची छाती फुगायची. मी त्याला 'यमाचा पीए' म्हणून चिडवायची, तर तोही हसायचा.

हे हसणं पुढं आटलं. मी तेव्हा आमच्याच गावच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि साहेब आले होते. मी उठून एवढंच म्हणाले की खोलीचा स्लॅब गळतोय, दुरुस्त होईपर्यंत मी मुलांना आत बसवणार नाही. साहेबांनी माईक ओढला. "ए बाई, खाली बस. पगार घ्यायला तोंड उघडत न्हाईस, आन् इथं कामून उघडतीस? घरी नवरा ऐकून घेतो म्हणून आम्ही बी ऐकायचं का?" मंडपात हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला. दादा स्टेजवर होता, साहेबांच्या मागच्या खुर्चीत. तो आपल्या चपलांकडं बघत राहिला.

संध्याकाळी घरी आला. मला वाटलं, माफी मागेल. "मनावर घेऊ नको, शालू," म्हणाला. "तोंड फटकळ हाय त्यांचं, मन लई मोठं हाय."

"दादा, त्यांचं मन मी कुठं बघायला गेले होते? मी तोंड ऐकलं. सगळ्या तालुक्यानं ऐकलं."

"तू बी चारचौघांत बोलायला नको व्हतं. मला सांगितलं असतंस तर मी बोललो असतो त्यांच्याशी."

म्हणजे चूक माझीच! मी त्याला नाही नाही ते बोलले. चमचा म्हणाले. तो उठून जाईल असं वाटलं होतं, पण तो बसून राहिला आणि मग त्यानं बाबांच्या मातीची गोष्ट काढली. बाबा गेले तेव्हा मी लातूरला डी.एड.ला होते. एसटीनं गावात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आमचं घर गावात मानानं लहान. त्या दिवशी वरच्या आळीचं एकही माणूस आमच्या दारात आलं नव्हतं. तिरडीला चौथा खांदा मिळेना म्हणून दादा दारोदार फिरला. तेव्हा साहेब ऐन तरुण, कुठल्या पदावर नव्हते. रस्त्यानं मोटरसायकलवर चालले होते. थांबले, चपला काढल्या, काही न विचारता तिरडीखाली आले. "मोठ्या घरचं पोरगं आपल्या बापाला खांदा देऊन राहिलं, हे मी डोळ्यांनी बघितलं, शालू. त्या माणसाला आता मी चौकात नावं ठेवू?" हे म्हणताना दादाला रडू आलं. मला आलं नाही. तो खांदा मी पाहिलाच नव्हता. माझ्या वाट्याला फक्त तो माईक आला होता.

त्यानंतर मी नांदेडला बदली करून घेतली. दादा दर भाऊबीजेला यायचा, पाटावर बसायचा, मी ओवाळायची. पाऊस, सोयाबीन, वहिनींचे गुडघे, सगळ्यावर बोलायचो, साहेबांवर चकार शब्द नाही. त्यांचं नवं काही गाजलं की मला वाटायचं, विचारावं, आता यावर काय म्हणणं आहे? पण विचारलं नाही... आणि आता विचारायला तो नाही.

त्या सकाळी दवाखान्यातून निघताना वहिनी रडता रडता म्हणाल्या, "शालूताई, साहेबांना कळवा. ह्यांच्याच फोनवरून करा, दुसऱ्याच्या फोनवर त्यांची माणसं इस्वास ठेवत न्हाईत." मी हो म्हणाले. अँब्युलन्समध्ये फोन हातात घेतला. नंबर समोरच होता. आणि तो मंडप, तो हशा कालच्यासारखा कानात आला. मी फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. ते विसरणं नव्हतं. मला साहेब तिथं नको होते.

माती दुपारी दोनची ठरली होती, चार वाजेपर्यंत खोळंबली. येणारा जो तो रस्त्याकडं बघत होता. "साहेब निघाले असतील." "माहूरला दर्शनाला गेलेत म्हणं, तीन-चार तास तर लागतीलच." शेवटी उचललं. एक जण मागून हळूच म्हणाला, "जन्मभर दुसऱ्यांच्या मातीला साहेबांना नेलं, ह्याच्या मातीला आले का?" त्यावर दादाचे जोडीदार त्याच्यावर तुटून पडले. साहेबांना मोठं काम असेल, गडावर रेंज नसेल, गाडी बिघडली असेल... मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून एकेक कारण ऐकत होते. खरं कारण माझ्या काखेत होतं.

साहेब दहाव्याला आले. कुणीतरी मेसेज केला होता म्हणे, पण दिगंबरच्या फोनवरून नाही म्हणून त्यांच्या माणसांनी अफवा समजून सोडून दिला. साहेब आता थकलेत. सतरंजीवर बसले, दादाच्या फोटोकडं बघून तोंड रुमालात धरलं. "वहिनी, मला कामून कळवलं न्हाई? मी चालत आलो असतो." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माझीच चूक झाली, साहेब. मला सुधरलंच न्हाई." मग त्यांनी माझी ओळख करून दिली, ह्यांची धाकटी बहीण. साहेबांनी हात जोडले. त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही.

लोक गेल्यावर मी वहिनींना म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं."

"हाव. तुम्ही फोन परत दिल्यावर उघडून बघितला व्हता मी, साहेबांना कॉल गेलाच नव्हता."

"मग आळ स्वतःवर का घेतलात?"

"मग काय सांगू? माझ्या नणंदेनं मुद्दाम केलं म्हणून? जीव दुखला व्हता तुमचा, मला ठाऊक हाय. आता कुणापाशी बोलू नका."

मी चुकले हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी त्यांनी मला पाठीशी घातलं. ते मला गोड लागलं, हे कबूल करते. त्या माईकवरच्या शब्दांना मी आजही माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण गावात अजून लोक म्हणतात, दिगंबर एवढा राबला आणि साहेबांनी मातीलाही तोंड दाखवलं नाही. दादाचा विश्वास वाया गेला, असं म्हणतात. तसं झालं नाही. साहेब त्या दिवशी आले नाहीत, कारण मी त्यांना कळवलं नाही. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दादा, हे वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले.