चढावरचं टायमिंग

आईला धाप लागली होती. तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेताना आमची जुनी गाडी चढावर मिसिंग करू लागली, अडखळू लागली. प्लग पुसूनही फरक पडेना, म्हणून ठिणगीचं टायमिंग जुळवायला मी ती प्लगना वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर सैल करून केसभर इकडेतिकडे फिरवत राहिलो. ठिणगी किंचित आधी पडली की इंजिन धक्के देई, किंचित उशिरा पडली की गुदमरे. माणसाचं अख्खं आयुष्य एवढ्याशा वेळेवर टांगलेलं असतं का, असं वाटत राहिलं.

“सावकाश कर रे,” आई मागच्या सीटवरून, माझ्या बायकोच्या खांद्याला टेकून म्हणाली, “मी आहे.”

अखेर इंजिन एका लयीत चालू लागलं. दवाखान्याच्या दारात पोचलो, तेव्हा आईला धरून बसलेल्या बायकोने नुसती मान हलवली. आई वाटेतच गेली होती. मी वाटभर इंजिनाचाच आवाज ऐकत होतो.